३२×३२ च्या जाळीवर आयझिंग मॉडेलचं क्रांतिक तापमान २.२६९ ऐवजी २.३० येतंय. माझा कोड चुकतोय का?

बहुतेक नाही. आयझिंग मॉडेल म्हणजे जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक छोटा चुंबक (स्पिन), वर किंवा खाली रोखलेला, शेजाऱ्यांसारखं वळू पाहणारा. क्रांतिक तापमानाच्या वर त्यांची एकजूट, म्हणजे चुंबकन, मोडते. तुम्ही लिहिलंय की कडा एकमेकींना जोडलेली चौकोनी जाळी घेतली आणि विशिष्ट उष्मेचं (तापमान जरासं वाढवायला किती ऊर्जा लागते त्याचं) शिखर जिथे दिसलं ते तापमान धरलं. मग ३२ च्या जाळीला ते तिथेच यायला हवं. फर्डिनंड आणि फिशर यांनी १९६९ मध्ये हा हिशेब करून ठेवलाय: शिखर वर सरकतं, साधारण ०.३६ भागिले जाळीची लांबी इतक्या हिश्श्यानं (२.२६९ च्या). ३२ ला २.२९५ येतं, १६ ला २.३२, ६४ ला २.२८२. तिन्ही जाळ्या चालवून बघा. आकडे या रांगेत बसले की कोडवरचा संशय सोडा.

२.२६९ हा अनंत जाळीचा आकडा. क्रॅमर्स आणि वॅनियर यांनी १९४१ मध्ये तो शोधला, ऑनसागरनं १९४४ मध्ये पूर्ण गणित सोडवून पक्का केला. तुमच्याकडे १०२४ स्पिन आहेत. स्पिन मर्यादित असले की बेरजेतली पदंही मर्यादितच, आणि तशा बेरजेतून खरंखुरं टोक निघतच नाही, गोल टेकडी निघते.

मी इथे नागपुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टला हेच केलं होतं, तेही ऐन मे महिन्यात. माझा घोळ वेगळा. ८ च्या जाळीवर तापमान २.१, म्हणजे चुंबकन भरपूर हवं, आणि सरासरी जवळपास शून्य! आठवडाभर रँडम नंबरला शिव्या घातल्या. लहान जाळी मधूनच अख्खी उलटते, अधिक-वजा एकमेकांना खातात, एवढंच होतं. सरासरी चुंबकनाच्या निरपेक्ष किमतीची घ्यायची. तुमच्या आलेखात ते दिसत नाही, पण तपासून घ्या.

पुढची अडचण वेळेची. मेट्रोपोलिसची पद्धत (१९५३), म्हणजे एकेक स्पिन घेऊन तो उलटायचा की नाही हे संभाव्यतेनं ठरवणं, क्रांतिक तापमानाजवळ रेंगाळते. मोठमोठे पट्टे एकाच दिशेला वळलेले असतात आणि एकेक स्पिन उलटून ते हलत नाहीत. जाळीची लांबी दुप्पट केली की फेऱ्या (एका फेरीत सगळ्या स्पिनना एकेकदा संधी) सुमारे साडेचार पट लागतात, शिवाय प्रत्येक फेरी चौपट महाग. म्हणजे अठरा पट थांबा. माझी १२८ ची जाळी रात्रभर चालली आणि पहाटे लाईट गेली, सगळं साफ. कूलर बंद पडल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं बाप्पा. तेव्हापासून दर काही फेऱ्यांनी जाळी फाइलमध्ये लिहितो.

त्यापेक्षा वुल्फची पद्धत (१९८९) लिहा, पन्नासेक ओळींचं काम आहे. एक स्पिन निवडायचा, त्याच दिशेचे शेजारी १ वजा ई चा (−२/तापमान) घात या संभाव्यतेनं जोडत जायचे, आणि अख्खा गट एकदम उलटायचा. २.२६९ ला ही संभाव्यता ०.५८६ येते. कोडमध्ये छापून बघा.

आणि गाइडला एकच आकडा द्यायचा असेल तर शिखरावरून देऊ नका. बाइंडर क्युम्युलंट काढा: १ वजा (चुंबकनाच्या चौथ्या घाताची सरासरी भागिले चुंबकनाच्या वर्गाच्या सरासरीच्या वर्गाची तिप्पट). तो तापमानासमोर मांडा. १६, ३२, ६४ च्या रेषा ०.६११ च्या आसपास एकमेकींना छेदतील, आणि छेदबिंदूचं तापमान २.२६९ च्या अगदी जवळ असेल. २.२५ ते २.२९ मध्ये ०.००५ चे टप्पे घ्या, सुरुवातीच्या फेऱ्या मोजणीत धरू नका.