आईचा रक्तदाब : खरा आकडा कोणता?

प्रश्न : सत्तरी तालुक्यातील आमच्या गावी राहणाऱ्या आईचा (वय ६२) रक्तदाब आरोग्य केंद्रात १५८/९४ भरला, घरच्या यंत्रावर मात्र १३०/८० च्या आसपास येतो. गोळी सुरू करावी का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : एवढ्यावरून ठरवू नये. बसमधून उतरून चढण चढून आलेल्या, डॉक्टरांसमोर बिचकलेल्या माणसाचा दाब तेवढ्यापुरता वाढू शकतो. सात दिवस सकाळी न्याहारीपूर्वी आणि रात्री, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसवून, उघड्या दंडावर पट्टा बांधून व हात हृदयाच्या पातळीवर टेकवून, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, आणि पहिला दिवस वगळून उरलेल्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा अधिक आली, तर दाब खरोखर वाढलेला समजून डॉक्टरांना वही दाखवावी. (केंद्रातील मोजणीसाठी हीच मर्यादा १४०/९० आहे.) नकोसे आकडे गाळण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. पट्टा दंडाला आखूड पडला, तर आकडा फुगतो. सरासरी कमी आली तरी वर्षातून एकदा ही मोजणी पुन्हा करावी, आणि पेजेसोबतचे खारे बांगडे व मिठातल्या कैऱ्या आतापासूनच कमी कराव्यात.