आधी पोर्तुगीज शिक

प्रश्न : डिचोलीची आहे. राज्यशास्त्रात बीए झालं. आशियाई राजकारण आणि समाज या विषयात एमए करायचंय. आई म्हणते, बीएड कर, नोकरी लागेल. चिनी येत नाही म्हणून मीही कचरते.

उत्तर : बाळ, आईची काळजी खोटी नाही, बीएड नंतरही करता येतं, हे तिला शांतपणे सांग. पण चिनीपायी मागे फिरू नकोस. आशिया म्हणजे फक्त चीन-जपान नव्हे. चीनच्या किनाऱ्यावरचं मकाव आणि इंडोनेशियाजवळचं तिमोर यांचा कारभार १८४४ पर्यंत आपल्या गोव्यातून चालायचा! पोर्तुगीज सत्ता एकच, वाटा तीन. गोवा १९६१ मध्ये लष्करी कारवाईने मुक्त झाला, मकाव १९९९ मध्ये वाटाघाटींनी चीनकडे गेलं. पूर्व तिमोरने इंडोनेशियाचा ताबा सोसला, १९९९ च्या सार्वमतात स्वातंत्र्याचा कौल दिला आणि २००२ मध्ये ते मिळवलं.

त्याशेजारी आपला १९६७ चा जनमत कौल ठेवून बघ. महाराष्ट्रातलं विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. आमच्या घरात वडील फुलाचे, म्हणजे विलीनीकरणाचे, आणि काका दोन पानांचे, म्हणजे गोवा वेगळा ठेवण्याचे. त्या वर्षी चवथीला दोघे एका पंगतीला बसले नाहीत. आजीने माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, जेवणाची दोन वेगळी पानं मांडली होती. लोक असे का दुभंगतात, हाच तुझ्या प्रबंधाचा प्रश्न होऊ शकतो.

म्हणून आधी पोर्तुगीज शिक. पणजीच्या पुराभिलेखागारातले बरेच जुने कागद तिच्याशिवाय वाचता येणार नाहीत. प्रवेशाआधी दोनच गोष्टी विचार : प्रबंध आहे का, आणि भाषेचे वर्ग फीमध्येच येतात का.