समस्येचं 'समाधान' आणि चपलांचे सहा जोड

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. संध्याकाळी घरातली सगळी एका खोलीत असतात, कुणी काही विशेष करत नसतं, आणि तरी बरं वाटतं, यापलीकडे काही नको असं वाटतं. त्यांच्या कॉलेजातल्या मुलीने नेमक्या याच विषयावर निबंध लिहिला आणि शीर्षक दिलं 'कौटुंबिक परिपूर्तीचे क्षण'. बाईंनी 'समाधान' हा शब्द सुचवला. मुलगी म्हणाली, 'आई, समाधान म्हणजे सोल्युशन. फुलफिलमेंटला मराठीत शब्दच नाही.' तर बरोबर कोण?

आई. उत्तर खरं तर इथेच संपलं.

पण 'परिपूर्ती'बद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. पूर्तता अटींची होते, कागदपत्रांची होते, राहिलेल्या सह्यांची होते. सतरंजीवर पालथं पडून पुस्तक वाचणाऱ्या माणसाने कसली परिपूर्ती केली? त्याने तर पानही उलटलेलं नाही. इंग्रजी शब्द डोक्यात ठेवून त्याच्या मापाचं संस्कृत शिवायचं, मग ते अंगावर बसत नाही म्हणून मराठीच तोकडी ठरवायची, हा उद्योग आता पुरे.

आणि 'समाधान म्हणजे सोल्युशन' हे त्या मुलीच्या कानावर कुठून आलं ते मला चांगलं ठाऊक आहे. मध्यंतरी माझा फोन बंद पडला होता. चार दिवस खेटे घातल्यावर संदेश आला, 'आपल्या समस्येचे समाधान करण्यात आले आहे.' फोन तसाच बंद. म्हणजे समस्या समाधानी झाली, मी नाही! हिंदीत ते वाक्य निर्दोष आहे, हिंदीशी माझं काही भांडण नाही. मराठीत मात्र कोडं उकलतं, गणित सुटतं, शंकेचं निरसन होतं, तक्रारीचं निवारण होतं, अडचणीतून वाट निघते, तंट्यावर तोडगा निघतो. घरात एवढं असताना शेजारून एकच शब्द उसना आणायचा आणि त्यापायी आपल्या शब्दाचा अर्थ घालवायचा, याला काय म्हणावं? 'समाधान' हे आपल्याकडे माणसाचं नावही असतं. माझा एक हिंदीभाषक स्नेही ते ऐकून बराच वेळ विचारात पडला होता. आईबापांनी मुलाचं नाव 'तोडगा' का ठेवलं असेल, हे त्याला कळेना.

आता कुणीतरी 'शंकासमाधान' माझ्यासमोर धरणार. धरा. पण मराठीत आपण विचारतो, 'झालं का तुमचं समाधान?' तुमचं, शंकेचं नव्हे. निरसन शंकेचं, समाधान शंकेखोराचं. हा फरक कुणी न शिकवता सगळ्यांना कळतो, संदेश लिहिणारे सोडून.

बाकीचे शब्द झटपट उरकतो. 'तृप्ती' चांगला शब्द आहे, पण तो इंद्रियांचा. तृप्तीच्या आधी भूक लागते. 'कृतार्थ' म्हणजे ज्याचं काम झालं तो. हा निवृत्तीच्या भाषणातला शब्द, मंगळवारी संध्याकाळी कुणी कृतार्थ होत नाही. 'धन्य' तर उघड उघड पैशाचा. ज्याला धन लाभलं तो धन्य, असं पाणिनीनेच सूत्रात बांधून ठेवलंय (धनगणं लब्धा, ४.४.८४). मनाचा मोठेपणा त्या शब्दाला पुढे चिकटला. 'संतोष' जवळचा आहे, पण तो मराठीत आता बोलण्यातून उठून पत्रात जाऊन बसलाय, 'कळविण्यास संतोष होतो की' वगैरे.

राहिला समाधान. आता मला जरा ऐसपैस बसू द्या.

सम् + आ + धा. 'धा' म्हणजे ठेवणं. निधान, विधान, परिधान, अवधान, व्यवधान, अनुसंधान ही सगळी या 'धा'ची लेकरं. ग्रीकमधला 'थेसिस'ही याच कुळातला, म्हणजे सिंथेटिक कापडातला 'थेटिक' आणि आपल्या समाधानातला 'धान' हे चुलतभाऊ. (सिन् आणि सम् यांनाही भाऊ मानायचा मोह होतो. तो आवरा. तिथे अर्थ जुळतो, नातं सांगता येत नाही.) 'सम्' म्हणजे एकत्र, नीट, सगळं मिळून. आणि 'आ' म्हणजे आपल्याकडे, आपल्या रोखाने. 'आ' लावला की 'गमन'चं 'आगमन' होतं, जाणारा परत फिरतो. सगळी उकल करून शब्द वाचा: सगळं, आपल्याकडे आणून, एकत्र ठेवणं. मोनियर विल्यम्सच्या १८९९च्या संस्कृत कोशातही पहिला अर्थ एकत्र ठेवण्याचाच आहे. मनाचे अर्थ मागून येतात.

काय एकत्र ठेवणं? विस्तव! हे मला ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी मी घरात सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी 'बरं' म्हणून आपापलं काम पुढे चालू केलं होतं. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाची गोष्ट आहे. गुरूने चारशे रोडक्या गाई देऊन त्याला रानात धाडलं, त्या हजार झाल्यावर तो परत निघाला. वाटेत जिथे संध्याकाळ झाली तिथे त्याने काय केलं, ते चौथ्या अध्यायात दिलंय: 'अग्निमुपसमाधाय गा उपरुध्य समिधमाधाय'. अग्नी नीट रचला, गाई कोंडल्या, समिधा घातली, आणि विस्तवामागे पूर्वेकडे तोंड करून बसला. 'उपसमाधाय'मधला 'उप' जरा बाजूला करा. उरतो तो आपलाच समाधान. पांगलेले निखारे पुढे ओढायचे, काटक्या जवळ सारायच्या, म्हणजे आग धरते. आणि बघा, हे कधी होतंय? संध्याकाळी. दिवसभर रानभर फिरलेली गुरं आत आल्यावर. सगळी मोजून झाल्यावर.

(मोजल्याचं उपनिषदात नाही, ते माझं. पण हजार गाई कोंडणारा माणूस मोजल्याशिवाय बसला असेल असं मला वाटत नाही.)

माझ्या ओळखीचे एक संस्कृतचे पंडित आहेत. त्यांना हे अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते मराठी समाधान थेट वेदान्तातून आलं. शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान ही साधकाची सहा साधनं, त्यातलं हे एक, तिथे अर्थ चित्ताची एकाग्रता. तेच संतांच्या तोंडून घरोघर पोचलं. ऐकायला भारदस्त आहे. पण मग मराठीत समाधान म्हणजे एकाग्रता का नाही? 'मुलगा समाधानाने गणित करतोय' याचा अर्थ तो एकाग्र आहे असा कुणीही घेणार नाही. मजेत, निवांत करतोय, चुकलं तरी हरकत नाही, असाच घेईल. एकाग्रतेचं काम आपण 'अवधान'कडे दिलंय. पंडितजींना हे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी मला आणखी चार श्लोक ऐकवले. श्लोक उत्तम होते, उत्तर त्यात नव्हतं.

माझं म्हणणं असं. त्याच सम्-आ-धा या एका धातूला पाणिनी दोन प्रत्यय लावू देतो. 'उपसर्गे घोः किः' (३.३.९२) या सूत्राने 'कि' लावला की होते समाधी, ल्युट् लावला की समाधान. सख्खी भावंडं. त्यातली समाधी घर सोडून गेली, योग्यांकडे, गुहेत. समाधान घरीच राहिलं, आणि घरात राहिल्यामुळेच त्याने 'एकत्र ठेवणं' हा मूळ अर्थ टिकवला. हे कोशात सापडणार नाही, म्हणून मी ते 'मत' म्हणून सांगतोय, 'व्युत्पत्ती' म्हणून नव्हे. पण मत पक्कं आहे.

आणि ते संस्कृतातून पक्कं झालेलं नाही, आईमुळे झालंय. आम्ही घरात सहाजण. रात्री दार लावायच्या आधी आई दाराशी वाकून चपला मोजायची. धाकट्याचा एक जोड नेहमी एक इकडे एक तिकडे, तो पायाने जवळ सारायची. काका उशिरा यायचे, त्यामुळे बहुतेक वेळा पाचच भरायचे, आणि मग ती काही न बोलता परत आत येऊन हातातलं काम करत बसायची. कान दाराकडे. सहावा जोड आला, की कडी. कडी सरकल्याचा आवाज झाला की ती फक्त 'हं' म्हणायची. त्या 'हं'ला 'परिपूर्ती' म्हणून बघा बरं! आता उपसर्गांकडे वळा: सम्, सगळी; आ, घराकडे; धा, जागच्या जागी. तिने उभ्या जन्मात व्याकरण उघडलं नाही, पण समाधानाची फोड ती रोज रात्री करत होती.

मुलीला आणखी एक दाखवा. तुकोबांचं 'ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें । चित्तीं असों द्यावें समाधान' सगळ्यांना पाठ असतं, पण त्यातलं क्रियापद कुणी बघत नाही. 'असों द्यावें' आहे, 'मिळवावें' नाही, 'शोधावें' तर नाहीच. म्हणजे ते आहेच, त्याला राहू द्यायचं. आणि 'ठेविलें'? तो 'धा'चा अर्थ झाला. ठेवणं दोन्ही चरणांत आहे, एकदा मराठीत, एकदा संस्कृतात. तुकोबांनी हे मुद्दाम केलं का? पंडितजी म्हणतील योगायोग. म्हणोत.

मूळ प्रश्न निबंधाच्या शीर्षकाचा होता, तो मधेच राहून गेला. 'परिपूर्ती' काढाच, 'कौटुंबिक' हेही काढा, तो शब्द वादांना आणि न्यायालयांना लागतो. 'क्षण' नसले तरी चालेल. 'घरची संध्याकाळ' एवढंच लिहिलं तरी पुरे, आणि आत कुठेतरी 'समाधान वाटतं' असं साधं वाक्य येऊ द्यावं. 'वाटतं' किंवा 'असतं'. 'समाधान प्राप्त होते' नको, ते टपालाने आल्यासारखं वाटतं. 'समाधानकारक' तर नकोच नको. प्रगतिपुस्तकातल्या 'प्रगती समाधानकारक'ने त्या शब्दाची अशी काही वाट लावलीय की 'आमची संध्याकाळ समाधानकारक गेली' म्हटलं, तर वाचणाऱ्याला वाटेल पस्तीस मार्कांवर सुटली.