अक्कलदाढ काढून तीन दिवस झाले आणि दुखणे वाढते आहे, हे नेहमीचे आहे का?

आपण लिहिले आहे की शनिवारी खालची अक्कलदाढ काढली, रविवार-सोमवार बरे गेले, आणि आज मंगळवारी सकाळपासून कानापर्यंत ठणका लागला आहे. खड्ड्यात पांढरे दिसते, आई म्हणतात पू झाला असावा, आणि घरात अँटिबायोटिक आणून घेण्याची चर्चा चालू आहे. मी दादरला गेली 19 वर्षे दातांचा दवाखाना चालवते. दाढ काढलेल्या माणसाचा फोन आला की मी आधी एवढेच विचारते की कालच्यापेक्षा आज कमी आहे की जास्त. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. पण दुखणे एकदा उतरायला लागल्यावर पुन्हा चढले, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. आपण आजच जावे.

असे का होते, ते समजण्यासाठी दाढ काढताना नेमके काय घडते हे पाहावे लागेल. दाढेचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो, आणि त्या तंतूंनी दाढ हाडाला बांधलेली असते. आम्ही ती उपटत नाही. हळूहळू हलवून हाडाची खोबण थोडी रुंदावतो आणि ते तंतू तोडतो. म्हणूनच बधिर केल्यावर दुखत नाही, पण दाब आणि करकर मात्र कळते. आडवी अडकलेली अक्कलदाढ तर बहुधा तुकडे करूनच काढावी लागते. दाढ निघाल्यावर मागे राहतो तो हाडातला उघडा खड्डा. काही मिनिटांत त्यात रक्त भरते, गोठते, आणि ती गुठळीच त्या हाडाची मलमपट्टी होते. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरणे, पहिला दिवस न थुंकणे, सिगारेट न ओढणे, ही सगळी पथ्ये त्या एका गुठळीसाठी असतात. ती निघून गेली किंवा वेळेआधी विरघळली, तर हाड उघडे पडते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान असा ठणका सुरू होतो. याला आम्ही ड्राय सॉकेट म्हणतो. आपल्या वर्णनावरून मला तीच शक्यता अधिक वाटते, तथापि खड्डा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणीही खात्रीने सांगू नये.

आईंची शंका रास्त आहे, पण पांढरे दिसले म्हणजे पू असतोच असे नाही. दुखणे कमी होत असेल आणि खड्ड्यावर मऊ, सायीसारखा पिवळसर-पांढरा थर दिसत असेल, तर ती भरून येणारी जखम असते. असा थर पू समजून काडीने खरवडून काढलेली माणसे मी पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी मला फार वाईट वाटले आहे, कारण त्यांनी बरी होत असलेली जखम स्वतःच्या हाताने उघडली होती. याउलट खड्डा रिकामा दिसत असेल, तळाशी करडे-पांढरे कोरडे हाड असेल, तोंडाला वास आणि कडवट चव येत असेल, तर ते ड्राय सॉकेट समजावे.

त्यावर अँटिबायोटिक हा इलाज नाही. ताप नसेल, सूज पसरत नसेल, तर त्या गोळ्यांनी उघडे हाड झाकले जात नाही आणि ठणकाही थांबत नाही. डॉक्टर खड्डा कोमट सलाईनने अलगद धुतील आणि त्यात औषधाची पट्टी ठेवतील. त्या पट्टीला बहुधा लवंगेचा उग्र वास येतो. गेल्या पावसाळ्यात एक ताई कानावर तळहात दाबून, डोळे मिटून खुर्चीत बसल्या होत्या. पट्टी ठेवल्यावर दहा मिनिटांनी तो हात आपोआप मांडीवर आला आणि त्यांनी पाणी मागितले. पट्टी एक-दोन दिवसांनी बदलावी लागते आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत त्रास संपतो. घरी मात्र नुसते लवंगतेल खड्ड्यात घालू नका, त्याने हिरडी भाजते. वेदनाशामक गोळी जेवणानंतर, सांगितलेल्या मात्रेतच घ्यावी. दमा, पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तसे डॉक्टरांना आधी सांगावे.

हे आपल्या चुकीमुळेच झाले असे मानू नका. खालची अक्कलदाढ आणि काढायला अवघड गेलेली दाढ यांत याचे प्रमाण मुळातच अधिक असते, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही ते वाढते. तंबाखू, मशेरी किंवा सिगारेट चालू असेल तर मात्र ती थांबवावीच लागेल, आणि ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. आणखी एक कारण आपल्या सवयीतच आहे. जेवण झाले की खळखळून चूळ भरायची, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते, त्यामुळे पहिल्या दिवशी हात नकळत तांब्याकडे जातो. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात घ्यावे, मान हळूच या बाजूला, त्या बाजूला कलती करावी आणि पाणी बेसिनमध्ये आपोआप गळू द्यावे. जोराने थुंकू नये. शहाळ्याचे पाणीही काही दिवस स्ट्रॉने न पिता पेल्यात ओतून घ्यावे, कारण ओढून पिताना गुठळी सुटू शकते. मऊ वरणभात, पेज, ताक, गार केलेली नाचणीची आंबील चालेल. चिवडा, शेव, वडापावसोबतची तळलेली मिरची आत्ता नको.

तापासह सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरू लागली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तोंड उघडणे दिवसेंदिवस कमी होत गेले, किंवा बोळा दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तर रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जावे. खालचा ओठ अजून बधिर वाटत असेल तर तेही सांगा. खालच्या जबड्यातली नस अक्कलदाढेच्या मुळाजवळून जाते, आणि ही बधिरता बहुतेकदा कालांतराने जाते, पण तिची नोंद व्हायला हवी. दाढ काढल्याने नजर अधू होते ही भीती मात्र मनातून काढून टाका, कारण दृष्टीची नस पूर्णपणे वेगळी आहे.

जिथे दाढ काढली तिथेच जाणे उत्तम, कारण दाढ कशी निघाली हे त्यांना ठाऊक आहे. ते शक्य नसेल किंवा खर्चाचा प्रश्न असेल, तर मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय इथे सकाळी लवकर जावे, आणि एक्स-रे व चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. हिरडी मिटायला तीन-चार आठवडे आणि आत हाड भरायला काही महिने लागतात, तोवर त्या खड्ड्यात अन्नाचे कण अडकत राहतील. ते काडीने काढू नयेत, पट्टी बंद झाल्यावर सिरिंजने धुण्याची पद्धत डॉक्टरांकडून आरशासमोर शिकून घ्यावी.