वायरलेस माइक आणि अमेरिकेतले बदललेले नियम : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत नाटक, गाणं, कथाकथन करणाऱ्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेकडे सहा कॉलर माइकचा जुना संच आहे. आजही उत्तम चालतो. पण तो वापरणं आता बेकायदेशीर आहे, असं एका साउंडवाल्याने सांगितलं. चालणारी वस्तू बेकायदेशीर कशी?

उत्तर : वायरलेस माइक पूर्वीपासून टीव्ही वाहिन्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत चालत आले. ती जागाच दोन टप्प्यांत गेली. आधी ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झ लहरींचा पट्टा गेला. तिथे १२ जून २०१० पासून माइक वापरायला बंदी आहे. मग टीव्ही केंद्रांनी परत केलेल्या ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा लिलाव झाला. २०१७ मध्ये तो संपला, तेव्हा बोली १९.८ अब्ज डॉलरवर गेली होती. ६१७ ते ६५२ आणि ६६३ ते ६९८ हे दोन तुकडे मोबाइल कंपन्यांकडे गेले आणि माइकवाल्यांना ३९ महिन्यांची मुदत मिळाली. ती १३ जुलै २०२० ला संपली. शाळा असो, प्रार्थनास्थळ असो, हौशी संस्था असो वा परवानाधारक व्यावसायिक, या तुकड्यांत कोणालाच सवलत नाही.

तुमचा संच कुठे बसतो ते त्यावरच लिहिलेलं असतं. रिसीव्हरच्या (सिग्नल पकडणाऱ्या डब्याच्या) मागच्या किंवा खालच्या बाजूचं लेबल पाहा आणि ट्रान्समीटरचा (नटाजवळच्या, सिग्नल पाठवणाऱ्या डबीचा) बॅटरीचा कप्पा उघडून आत पाहा. एकच आकडा असेल तर माइक त्या एकाच लहरीवर चालतो. दोन आकडे असतील तर त्या दोन टोकांमध्ये लहर बदलता येते. ५६६ ते ६०८ लिहिलेलं असेल तर निर्धास्त राहा. ६३२ ते ६९६ असेल तर संच बाजूला काढा. अर्धा पट्टा आत आणि अर्धा बाहेर असेल, तर फक्त परवानगीच्या भागात लावून तो वापरता येतो. मात्र रिकामी लहर आपोआप शोधणारं 'ऑटो स्कॅन'चं बटण दाबलं की जुना रिसीव्हर बंदी असलेली लहरही खुशाल निवडतो, म्हणून अशा संचात लहर हाताने लावा.

बाद झालेला संच दुसऱ्या मंडळाला विकू किंवा देऊ नका, ई-कचऱ्यात द्या. नियम मोडल्यास दंड होऊ शकतो, आणि तो वापरणाऱ्याला होतो.

प्रश्न : मग आता नेमकी कोणती जागा उरली? नवा संच घेताना कोणता पट्टा मागायचा?

उत्तर : मुख्य जागा ४७० ते ६०८ मेगाहर्ट्झ. विनापरवाना वापरात तिथे ५० मिलिवॉटपर्यंत शक्ती चालते. त्याला लागून असलेला ६०८ ते ६१४ चा तुकडा रुग्णालयांतली वैद्यकीय उपकरणं आणि रेडिओ खगोलशास्त्र यांच्यासाठी राखीव आहे, तिकडे जाऊ नका. ६१४ ते ६१६ आणि ६५७ ते ६६३ या दोन फटी सर्वांना खुल्या आहेत, पण मर्यादा २० मिलिवॉटची. ६५३ ते ६५७ फक्त परवानाधारकांसाठी. याखेरीज ९०२ ते ९२८, १९२० ते १९३० आणि २.४ गिगाहर्ट्झ हे पट्टे आहेत, आणि खाली १७४ ते २१६ चा व्हीएचएफ (टीव्हीचाच खालचा पट्टा).

चारपेक्षा जास्त माइक लागत असतील तर ४७० ते ६०८ मधलाच, आणि जितका रुंद पट्टा मिळेल तितका रुंद संच घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. २.४ गिगाहर्ट्झचे संच स्वस्त आणि सोपे असतात, पण तिथे वाय-फाय आणि प्रेक्षकांचे फोन आधीच बसलेले असतात. एका निवेदकाला, जवळच्या अंतरावर ते पुरतात. बारा पात्रांच्या नाटकाला पुरत नाहीत.

खरेदीआधी तुमच्या नेहमीच्या नाट्यगृहाच्या पत्त्यावर कोणती टीव्ही केंद्रं पोचतात ते पाहा. लिलावानंतर सगळी केंद्रं ३६ व्या वाहिनीच्या आत सरकवली गेली, त्यामुळे माइकला उरलेल्या जागेतही दाटी झाली आहे. एफसीसीच्या (अमेरिकेत लहरींचे नियम करणाऱ्या सरकारी आयोगाच्या) टीव्ही नकाशावर पत्ता टाकला की यादी मिळते. त्यात 'आरएफ चॅनल'चा, म्हणजे केंद्र प्रत्यक्ष ज्या वाहिनीवर प्रक्षेपण करतं तिचा, आकडा घ्या. टीव्हीच्या पडद्यावर दिसणारा क्रमांक बहुधा वेगळा असतो, आणि तो धरून केलेलं सगळं नियोजन चुकतं. १४ ते ३६ क्रमांकांचा हिशेब असा : आकड्यातून १४ वजा करा, उरलेल्याला ६ ने गुणा, त्यात ४७० मिळवा. २८ वी वाहिनी म्हणजे ५५४ पासून ५६०. तिचं केंद्र जवळ असेल तर ते सहाच्या सहा मेगाहर्ट्झ सोडून द्या.

प्रश्न : रिकाम्या सभागृहात तालीम छान होते. प्रेक्षक आले की आवाज तुटतो, मध्येच खरखर येते. साउंडवाला म्हणतो माइक खराब आहे.

उत्तर : संच जुना असेल तर आधी ६६३ ते ६९८ चा संशय घ्या. या तुकड्यात मोबाइलचा टॉवर बोलत नाही, लोकांच्या हातातले फोन बोलतात. सभागृह रिकामं असताना तिथे शांतता असते. पाचशे माणसं आत आली की खुर्चीखुर्चीत एक ट्रान्समीटर बसतो. ६१७ ते ६५२ मध्ये उलट : तिथे टॉवर बोलतो, म्हणून त्रास असलाच तर तालमीपासूनच जाणवतो. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी हे तुकडे सोडण्याचं हे पुरेसं कारण आहे. बंदीमागचं कारणही इथेच आहे. टॉवर दूरच्या फोनचा क्षीण आवाज ऐकत असतो, आणि तुमचा माइक त्याच्या कानाशी ओरडतो.

पट्टा योग्य असूनही असंच होत असेल, तर अँटेना कुठे आहेत ते बघा. माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी शोषतं. टेबलाच्या उंचीवर ठेवलेल्या अँटेना आणि रंगमंच यांच्यामध्ये भरलेल्या रांगा आल्या की सिग्नल पडतो. अँटेना डोक्यांच्या वर न्या. दोन अँटेनांमध्ये किमान पाव लहरलांबी, म्हणजे ५५० मेगाहर्ट्झला सुमारे १४ सेंटिमीटर, अंतर हवं. जागा असेल तर बरंच जास्त ठेवा. नटाच्या कमरेवरच्या ट्रान्समीटरची अँटेना पोशाखात दुमडून खोचलेली असते, हे तर जवळजवळ प्रत्येक संस्थेत आढळतं. ती सरळ, मोकळी आणि घामाच्या त्वचेपासून सुटी राहील अशी बांधा.

प्रश्न : आठ माइकना व्यवस्थित ०.४ मेगाहर्ट्झच्या अंतराने लहरी दिल्या, टीव्ही वाहिनीही रिकामी निवडली. तरी एकमेकांत घुसतात. का?

उत्तर : समान अंतर दिलं, म्हणूनच. दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून नव्या, नको असलेल्या लहरी तयार होतात. सर्वांत त्रासदायक असते ती 'दुप्पट वजा दुसरी'. ५४०.० आणि ५४०.४ घ्या : ५४०.४ ची दुप्पट १०८०.८, त्यातून ५४०.० गेले की उरले ५४०.८. तुमचा तिसरा माइक नेमका तिथेच बसला आहे. तिसरा ५४१.२ वर न्या. मग तिघांची मिश्रणं त्या तिघांपैकी कोणावरही पडत नाहीत. आठ माइकसाठी हे हाताने करत बसू नका. माइक कंपन्यांचं मोफत सॉफ्टवेअर मिळतं, आणि संचातही जुळणाऱ्या लहरींचे तयार गट असतात. सगळे माइक एकाच गटातले घ्या. दोन गटांतले मिसळले की हिशेब मोडतो.

शक्ती वाढवून हा त्रास जात नाही, उलट वाढतो : ट्रान्समीटर १ डीबीने (डेसिबल, सिग्नलची ताकद मोजायचं एकक) वाढवले तर हे मिश्रण ३ डीबीने वाढतं. लहान रंगमंचावर १० मिलिवॉट पुरतात.

प्रयोगाच्या दिवशी क्रम असा ठेवा. दिवे, एलईडी भिंत, प्रोजेक्टर सगळं चालू करा आणि सगळे ट्रान्समीटर बंद ठेवून स्कॅन करा. एलईडी भिंतीचा गोंगाट बंद भिंतीसमोर सापडत नाही. मग लहरी ठरवा आणि सगळे ट्रान्समीटर चालू करून रंगमंचावर ठेवा, पण एकमेकांना चिकटवून नव्हे, हातभर अंतराने. आता एकेक बंद करत त्याच्या रिसीव्हरकडे पाहा. ट्रान्समीटर बंद असूनही सिग्नलच्या पट्ट्या चढलेल्या दिसल्या तर ती लहर बदला.

प्रश्न : आमच्या आठ माइकना परवाना मिळेल का?

उत्तर : ध्वनिव्यवस्था पुरवणाऱ्या कंपन्या आणि नाट्यगृहं यांना २०१४ च्या नियमानुसार तो मिळू शकतो, पण नियमितपणे ५० किंवा अधिक वायरलेस उपकरणं वापरत असतील तरच. तुमच्या आठ माइकना तो मिळणार नाही. विनापरवाना वापराला संरक्षणही नाही : इतरांना त्रास द्यायचा नाही आणि इतरांकडून होणारा सोसायचा. म्हणून मुख्य पात्राच्या माइकला एक पर्यायी लहर आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न : दौऱ्यावर येणारे कलाकार युरोपात घेतलेला ८६३ ते ८६५ चा संच आणणार आहेत. चालेल?

उत्तर : नाही. युरोपात तो विनापरवाना चालतो, अमेरिकेत हा पट्टा माइकसाठी खुला नाही. उलट दिशेनेही तेच : अमेरिकेतला ९०२ ते ९२८ चा संच भारतात नेऊ नका, तिथे ८९० ते ९१५ वर मोबाइल फोन चालतात. कलाकारांनी स्वतःच्या माइकची कॅप्सूल (आवाज टिपणारा भाग), हेडसेट आणि जोडण्या आणाव्यात. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर इथेच भाड्याने घ्यावेत. हेडसेटची पिन कंपनीगणिक वेगळी असते, तेव्हा भाड्याचा संच ठरवण्याआधी पिनचा फोटो मागवून घ्या.