एकच मुलगा बघितला, आकडे दोन आले

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी एमए सायकॉलॉजीला आहे. प्रोजेक्टसाठी वर्गातल्या एका मुलाचं 'लक्ष नसणं' मोजतेय, मी आणि मैत्रीण दोघी मागे बसून अर्धा तास नोंदी करतो. पहिल्याच दिवशी माझ्या कागदावर 14 वेळा आणि तिच्या 31 वेळा! चुकलं कोणाचं? सरासरी काढून पुढे जाऊ का?

उत्तर: सरासरी अजिबात काढू नका, प्लीज. 14 आणि 31 ची सरासरी साडेबावीस येईल पण ते साडेबावीस कशाचे हे तुम्हा दोघींनाही सांगता येणार नाही. चुकलं कोणाचंच नाहीये, दोघींनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्यात. 'लक्ष नाही' हे वागणं नाहीच मुळी, तो आपण बघून लावलेला अर्थ आहे, आणि मुलगा खिडकीबाहेर बघत असला तरी कान शिक्षकांकडे असू शकतात ना. जे डोळ्याला दिसतं तेच लिहा. उदाहरणार्थ, 'नजर वही, फळा आणि शिक्षक या तिन्हीवरून हटली आणि सलग 3 सेकंद हटलेलीच राहिली की एक नोंद, परत येऊन 3 सेकंद टिकली की ती नोंद संपली'. सुरुवात आणि शेवट दोन्ही ठरवायचे, शेवट ठरवला नाही तर एक जण लांबलचक बघण्याला एकच टिक करते आणि दुसरी मधल्या प्रत्येक नजरेला टिक करते, माझा अंदाज आहे तुमचं नेमकं हेच झालंय.

आता दुसरं, किती वेळा हे मोजायचंच कशाला हा विचार केलात का? एक मुलगा दोनदाच हरवतो पण दर वेळी 10 मिनिटं, दुसरा 20 वेळा हरवतो पण 5-5 सेकंद. नुसत्या टिका मोजल्या तर पहिला मुलगा शहाणा ठरतो. इथे मला तरी स्टॉपवॉच लावून एकूण वेळ मोजणंच बरोबर वाटतं. सूचना दिल्यावर काम सुरू करायला किती वेळ लागला हे बघायचं असेल तर ते तिसरंच माप आहे, त्याचा कागद वेगळा ठेवा.

बरेच जण 10-10 सेकंदांचे कप्पे पाडतात, अर्ध्या तासात 180 होतात. पण त्यात एक गोची आहे, कप्प्यात जरा जरी दिसलं तरी टिक असा नियम असेल तर दर कप्प्यात फक्त 1 सेकंद नजर हटली तरी कागदावर 100% येतं, खरं म्हणजे 10% च वेळ गेलेला असतो. याउलट पूर्ण कप्पाभर दिसलं तरच टिक म्हटलं तर तोच मुलगा 0% वर येतो! म्हणून नियम कुठला वापरला ते रिपोर्टमध्ये लिहायचंच.

आणि पहिले काही दिवस नुसतं जाऊन बसा, त्या नोंदी वापरू नका, कारण मागे कोणीतरी लिहीत बसलंय म्हटल्यावर मुलं वेगळीच वागतात. जमलं तर मैत्रिणीला तुमचा अंदाज काय आहे तेही सांगू नका. 1963 साली रोझेन्थाल आणि फोड या संशोधकांनी विद्यार्थ्यांना साधेच उंदीर देऊन काहींना हुशार आणि काहींना मठ्ठ म्हणून सांगितले, तर 'हुशार' उंदरांचे निकाल खरंच चांगले आले. मनातली अपेक्षा नोंदीत अशी उतरते.

प्रश्न: आमच्या दोघांच्या नोंदी 90% जुळतात, तरी गाईड 'कॅपा' (kappa, दोघांच्या नोंदी कितपत जुळतात ते सांगणारा आकडा) काढा म्हणतात. का?

उत्तर: गाईड बरोबर सांगतायत. समजा 100 कप्प्यांपैकी 85 मध्ये दोघंही 'नाही' म्हणाले, 5 मध्ये दोघंही 'हो', आणि उरलेल्या 10 मध्ये भांडण, पाच तुमचे पाच त्याचे. जुळणी 90% दिसते, पण वागणं क्वचितच होत असल्यामुळे डोळे मिटून टिका केल्या तरी योगायोगानेच 82% जुळलं असतं. मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांचा 1960 चा कॅपा हा योगायोग वजा करतो, तो इथे येतो 0.44 च्या आसपास, म्हणजे 90% वाचून वाटतं तितकं काही चांगलं नाही. ते भांडणाचे 10 कप्पे शोधून, व्हिडिओ केला असेल तर तो परत बघा, व्याख्येतलं कुठलं वाक्य ढिलं आहे ते तिथेच सापडेल, आणि ते सुधारल्यावर जुन्या नोंदी खोडू नका, नव्याने नोंदवा.