सूत्रकृमी शोधायचेत? आधी ओहोटी बघ

अगं, वाळू-गाळातले हे बारीक, दोऱ्यासारखे कृमी हवेत तर उधाणाची ओहोटी धर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मांडवीची पुळण पार खालपर्यंत उघडी पडते. नमुन्याची नळी वाळूत १० सेंटिमीटर दाब, पण वरचा थर वेगळा ठेव. गर्दी बहुतेक तिथेच असते. गाळणी ६३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांची हवी. मी पहिल्यांदा ५०० ची एकटीच वापरली नि जवळजवळ सगळे सूत्रकृमी मोरीत वाहून गेले! नमुने टिकवायला ४ टक्के फॉर्मालिनमध्ये ठेव. ज्यातून डीएनए काढायचा असेल तो नमुना मात्र अल्कोहोलमध्ये. रोझ बेंगाल हा रंग टाकलास की प्राणी गुलाबी दिसतात, डोळे वाचतात. जातीचं नाव लिहायची घाई नको. तोंडाची पोकळी, शेपटी बघ, नर सापडेपर्यंत थांब. आणि बंदरालगतचा काळा, घाण वासाचा गाळ टाळू नकोस. प्राणवायू कमी असला तरी काही चिवट जाती तिथेही सापडतात.